भुवयांचा होकार

लितियाची उमेदीची वर्षं सगळी सुवा शहराच्या भाजीबाजारात गेली, आणि तिथे तोंड उघडायचं ते फक्त भाव सांगायला. बाकी कारभार भुवयांवर. "कसाव्याचे कंद बांधू का?" असं विचारावं, समोरच्याने भुवया उडवल्या की झालं, हो! फिजीच्या माणसाला ही खोड कुणी शिकवत नाही. ती हाडामासातच असते.

गुडघ्यांनी दगा दिला, टोपल्या उचलवेनात, तेव्हा तिने एका बोट कंपनीत फोनवर तिकिटं द्यायची नोकरी धरली. तिथे याच भुवयांनी घात केला. गिऱ्हाईक विचारी, "शुक्रवारी बोट आहे का?" ही भुवया उडवून मोकळी! पलीकडच्याला काय दिसणार, कपाळ? त्यात मालकांनी नवं यंत्र बसवलेलं. ते असलं नाठाळ, की जरा कुणी गप्प झालं की फोन तोडून टाकायचं. गप्प गिऱ्हाईक म्हणजे वाया गेलेला वेळ, ही मालकांची अक्कल. असे फोन तुटून तुटून बेटांवरची तिकिटं घटली, तर मालक म्हणे बेटावरच्या लोकांना फोनच नको. घ्या आता!

"ताई, देवाने तोंड दिलंय ना तुम्हाला?" वरचा साहेब प्रणील करवादायचा. पोरगा सुव्यातच वाढलेला, पण इस्त्रीचा शर्ट चढवला की सगळं विसरायचा. "आता एक जरी चूक झाली ना, तर मी काही करू शकणार नाही."

तेव्हापासून लितियाच्या जिवाला चैन नव्हती. झोपेतसुद्धा ती "हो, हो" बरळायची. लेक म्हणाली, "आई, स्वप्नात कुणी मागणी घालतंय की काय?" लितियाला हसू आलं नाही. नोकरी गेली तर या गुडघ्यांनी पुन्हा बाजारात कसं बसायचं, हा एकच घोर लागला होता.

अशात कांदावू बेटावरून फोन आला. सेमिती नावाचा म्हातारा. बायकोचा पाय चिघळला होता, इस्पितळाने ताबडतोब सुव्याला बोलावलं होतं. गुरुवारच्या बोटीत दोनच जागा उरल्या होत्या.

"दोन्ही तुम्हाला देऊन टाकू का, मोमो?" मामाला विचारावं तसं तिने विचारलं.

म्हातारा गप्प. पण लितियाला ते गप्प बसणं वाटलंच नाही. तो हो म्हणाला होता, तिला स्वच्छ कळलं. मग हिनेही भुवयांनीच "बरं" म्हटलं. दोघांचं ठरलं, आणि यंत्राने फोन तोडला.

"अगं बाई गं!" तिने परत फोन लावला, पुन्हा लावला. बेटावर लागेल तर शपथ! बोलून होकार ऐकल्याशिवाय जागा द्यायची नाही, हा नियम. जागा सोडली तर म्हातारी तिकडे पाय धरून बसणार. दिली आणि ते आलेच नाहीत, तर हिची गच्छंती. "मेलं ते यंत्र," म्हणत तिने जागा देऊन टाकली.

प्रणील तणतणत आला. "होकार कुठाय?"

"दिला की त्यांनी."

"मला तर ऐकू येत नाहीये!"

"शर्ट काढून ऐक."

"गुरुवारी ते उतरले नाहीत, तर शुक्रवारी येऊ नका," तो म्हणाला.

गुरुवारी लितिया आणि प्रणील धक्क्यावर. माणसं उतरली, चटया उतरल्या, कसाव्याच्या मोळ्या, बांधलेली डुकरं उतरली. लितिया एका जागी उभी राहीना. बोटीतून उतरायची फळी रिकामी झाली. मग सगळ्यात शेवटी, बायकोला खांद्याचा आधार देत, एक म्हातारा हळूहळू खाली आला.

प्रणील पुढे धावला. "सेमिती मोमो का? फोनवर हो म्हणाला होतात तुम्ही?"

म्हाताऱ्याने भुवया उडवल्या. आणि प्रणीलच्याही भुवया आपसूक वर गेल्या.

"साहेब बहिरा आहे का गं?" म्हाताऱ्याने लितियाला विचारलं.

म्हातारीला टॅक्सीत बसवून दिलं. लितिया प्रणीलकडे वळली.

"मग? उद्या येऊ ना कामावर? आणि त्या यंत्राचं मालकांना सांगणार ना?"

प्रणीलने समुद्राकडे बघत भुवया उडवल्या.

लितिया त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "ते चालायचं नाही. तोंडाने सांग."