साडूंच्या बॉनेटवरच्या कुरडया

कुरडया वाळवायला मोटारीच्या बॉनेटइतकी उत्तम जागा जगात नाही, हे आमच्या आईचं मत शास्त्रीयदृष्ट्या अगदी बरोबर आहे. वरून ऊन, खालून तापलेला पत्रा, आणि मांजर चढू शकत नाही असा घसरडा उतार. आक्षेप असलाच तर एवढाच, की ती मोटार आमची नव्हती.

ती प्रकाशरावांची होती. प्रकाशराव म्हणजे माझे मोठे साडू. माणूस तसा दिलदार. तुमच्या खांद्यावर हात टाकतील, तुम्हाला मिठी मारतील, पण तुम्ही त्यांच्या गाडीला बोट लावलंत तर खिशातून रुमाल काढून आधी गाडी पुसतील आणि मग तुमच्याकडे बघतील. गाडीत बसण्यापूर्वी बूट आपटायचे, दार लावताना ते 'लावायचं', आपटायचं नाही, आणि आत भेळ हा शब्दसुद्धा उच्चारायचा नाही! गाडीचा रंग गडद जांभळा. कंपनीने त्याला काहीतरी भारदस्त इंग्रजी नाव दिलं होतं. आमच्या घरात त्याला वांगी कलर म्हणत (हळू आवाजात).

मे महिन्यात त्यांच्या इंदिरानगरच्या बिल्डिंगला बाहेरून रंग द्यायचं काम निघालं. आणि नेमकं तेव्हाच त्यांचं नि त्यांच्या बायकोचं, शैलाताईंचं, चारधामचं बुकिंग होतं. रंगाचे शिंतोडे उडतील म्हणून प्रकाशरावांनी गाडी आमच्या मखमलाबाद रोडच्या रो-हाउससमोर आणून लावली, तिच्यावर कव्हर चढवलं आणि मला किल्लीसकट सूचना दिल्या.

"नंदकुमार, कव्हर काढू नका. हलवू नका. पाणी मारू नका."

"बघितली तर चालेल?"

"लांबून," ते म्हणाले. ते विनोद करत नव्हते.

ते गेले आणि दोन दिवसांनी आमची आई आली. येवल्याजवळच्या आमच्या गावाहून, गव्हाच्या पिशवीसकट. "या वर्षी तुमच्याकडंच कुरडया करते," ती म्हणाली. आम्ही खूश! कुरडई म्हणजे काय सोपं काम आहे? गहू भिजवा, वाटा, चीक काढा, शिजवा, गरम असतानाच सोऱ्यातून पाडा. म्हातारीने एवढं करायचं आणि आपण नुसतं तळून खायचं, याहून सुखी संसार कोणता?

ज्या दिवशी कुरडया पडल्या, त्या दिवशी मी आणि बायको मीनल, दोघंही ऑफिसात होतो. संध्याकाळी आलो तर आई दारात प्रसन्न मुद्रेने बसलेली. शेजारी कुरडयांनी भरलेली परात. आणि समोर प्रकाशरावांची गाडी. बिनकव्हरची!

"आई, कव्हर कुठंय?"

"काढून ठेवलं. कापड काय तापतं का? गच्चीवर तुझं ते गरम पाण्याचं यंत्र, जागाच नाय. ही गाडी लय भारी हे बघ. दुपारपर्यंत सगळं खडखडीत!"

"गाडीवर डायरेक्ट?"

"प्लास्टिक आंथरलं होतं रे. पण वारं सुटलं, उडून गेलं. सोऱ्या भरलेला, चीक गार व्हायला लागलेला. मंग पाडल्या तशाच. धुऊन घेतलं होतं हां पत्र्याला."

"आणि मग काढल्यास कशा?"

आईने अभिमानाने शेजारची वस्तू उचलून दाखवली. उलथनं!

मी बॉनेटकडे गेलो. वांगी रंगावर बशीएवढाली पांढुरकी वर्तुळं, एकाला एक लागून, आणि प्रत्येक वर्तुळात उलथन्याचे आडवे-उभे ओरखडे. लांबून रांगोळी वाटत होती. जवळून साडू वाटत होते.

मीनल मागून आली, तिने बघितलं, आणि ती फक्त एकच शब्द बोलली.

"दाजी."

तेवढ्यात आई म्हणाली, "काय झालं रे? काय बिघडलं का?" तिचे हात चीक शिजवताना वाफ लागून लाल झाले होते, आणि चेहरा मात्र लग्न लावून आल्यासारखा. तिला काय सांगणार?

"काही नाही गं. जुनंच आहे ते," मी म्हणालो.

"मला बी वाटलं. हल्लीचे रंग लय कच्चे," आई म्हणाली आणि परात आत घेऊन गेली.

प्रकाशराव रविवारी येणार होते. मी लगेच आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रश्न टाकला: "एका मित्राच्या गाडीवर ओरखडे आले आहेत. उपाय?" या ग्रुपवर एरवी पाणी कधी येणार असं विचारलं तर कोणी उत्तर देत नाही. पण आता उपायांचा पूर आला! टूथपेस्ट. खोबरेल. लिंबू आणि मीठ. एकाने तर ओरखड्यावर रोज एकाग्रतेने पाच मिनिटं बोट फिरवायला सांगितलं. (ते योगाचे क्लास घेतात.)

टूथपेस्टपासून सुरुवात केली. अर्धी ट्यूब संपली. ओरखडे होते तसेच राहिले, फक्त त्यांना पुदिन्याचा वास यायला लागला. मग खोबरेल लावलं आणि काय सांगू, चमत्कार! सगळे ओरखडे गायब! बॉनेट असं काळंभोर तुकतुकीत, की मी मीनलला हाक मारून दाखवलं. आम्ही दोघं आनंदाने चहा प्यायलो. चहा पिऊन बाहेर आलो तोवर समोरून एक वाळूचा डंपर गेला होता, आणि मखमलाबाद रोडची सगळी धूळ त्या तेलावर बसून बॉनेट भजी तळायच्या आधीच्या मिरचीसारखं दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी दोघांनीही रजा टाकली आणि मी द्वारका चौकाजवळच्या एका स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. मालक काउंटरवर रेलून बसले होते. त्यांच्यामागे बाटल्याच बाटल्या. 'कट', 'सुपर कट', 'फाइन', 'अल्ट्रा फाइन', 'ग्लेझ', 'मिरर', 'डायमंड', 'नॅनो'. साबुदाणा आणायला जावं आणि सोन्याच्या पेढीत शिरावं तसं झालं.

"ओरखड्यात नख अडकतं का?" मालकांनी विचारलं.

"म्हणजे?"

"नख आडवं फिरवायचं. अडकलं तर खोल. नाही अडकलं तर वरच्यावर."

आता मला नखं कुरतडायची लहानपणापासून सवय. मी मीनलला फोन लावला. "जरा बाहेर जा आणि बॉनेटवर नख ओढ."

"अजून एक ओरखडा काढू?"

"ओढ गं! अडकतं का सांग."

दाराची कडी वाजली. मग आवाज आला, "एका ठिकाणी अडकतंय, दुसरीकडे नाही. आणि हे बघा, आता माझं नेलपॉलिश लागलंय बॉनेटला."

मी मालकांना म्हणालो, "मिश्र आहे."

मालकांचा चेहरा उजळला. "मग सगळंच लागेल! साहेब, सायन्स समजून घ्या. ओरखडा कधी भरून येत नाही. कंपाउंड आजूबाजूचा थर घासून त्याच्या लेव्हलला आणतं." (आमच्या ऑफिसातही प्रमोशनच्या वेळी असंच करतात. मागे पडलेल्याला वर आणत नाहीत, बाकीच्यांना घासतात.) "मग कंपाउंडचे बारीक ओरखडे पॉलिशने घालवायचे. आणि पॉलिशचं काही राहिलं असेल तर ते व्हॅक्सखाली झाकायचं."

"आणि व्हॅक्सचं?"

"ते पहिल्या पावसात जातं. मग परत या!"

असा धंदा मी आजवर फक्त राजकारणात पाहिला होता. मी सगळं घेतलं. वर त्यांनी मला गाडीत टांगायचं मोगऱ्याचं सेंटही विकलं. का घेतलं, अजून कळलेलं नाही.

घरी आल्यावर साधा विचार केला: मोठा आजार, मोठं औषध. 'सुपर कट' उघडलं. बाटलीच्या मागे मुंगीने लिहावं एवढ्या अक्षरात काहीतरी छापलं होतं. चष्मा आत होता आणि मी बाहेर, त्यामुळे ते वाचलं नाही. भर दुपारी, त्याच तापलेल्या पत्र्यावर, ज्यावर आईच्या कुरडया अर्ध्या दिवसात वाळल्या होत्या, मी कंपाउंड पसरलं. तेही वाळलं. लगेच! मी घासतो आहे आणि ते सिमेंटसारखं धरतं आहे. खरवडून पुसलं तेव्हा वर्तुळं खरंच गेली होती. कारण आता सगळं बॉनेटच शाळेच्या पाटीसारखं मळकं, राखाडी झालं होतं!

मीनल चष्मा घेऊन बाहेर आली आणि तिने मोठ्याने वाचलं, "'उन्हात वापरू नये. गार पृष्ठभागावर, आधी लहान भागावर वापरून पाहावे.' लहान भाग कुठे शिल्लक आहे का आता?"

शेजारच्या कुंपणावरून खैरनार आप्पांचं डोकं वर आलं. आप्पा सटाण्याचे, अडचण दिसली की त्यांच्या अंगात उत्साह संचारतो. त्या दिवशी ते लग्नाला निघाले होते, अंगात कडक इस्त्रीचा पांढराशुभ्र शर्ट.

"काय व्हयनं भाऊ?"

मी सांगितलं.

"हाताने काय घासत बसता! मशीन शे ना माझ्याकडे. ड्रिलला स्पंज लावला की दहा मिनिटांचं काम."

ड्रिल आलं. गाडी सावलीत ढकलली. आप्पांनी स्पंज बसवून दिला. मी त्या स्पंजवर पॉलिशचा चांगला मोठा गोळा ठेवला आणि बटण दाबलं.

आता चाक फिरलं की त्यावरचं सगळं बाहेर उडतं, हे मला विज्ञानात शिकवलं होतं. पण तेव्हा उदाहरण कुंभाराच्या चाकाचं होतं, पॉलिशचं नव्हतं! पहिला फटकारा भिंतीवर, दुसरा मीनलच्या तुळशीवर, आणि बाकीचा सगळा आप्पांच्या शर्टावर, खालपासून वरपर्यंत तिरपा. आप्पा खाली बघत राहिले.

"राहू द्या," ते शेवटी म्हणाले. "मुलीकडच्यांनी दिलेला शर्ट शे. तसाही मला आवडत नव्हता." आणि बदलायला आत गेले.

मग मात्र मी शहाणा झालो. पहाटे उठायचं, पत्रा गार असताना टीचभर भाग घ्यायचा, आधी बारीक कंपाउंड, मग पॉलिश, हलक्या हाताने. ऑफिसला जायचं. आल्यावर परत. दंड भरून आले. स्वप्नात बॉनेट यायचं. आई पायरीवर बसून बघायची. एकदा म्हणाली, "आरं, दुसऱ्याच्या गाडीची एवढी सेवा करतो, तुझ्या बापाचे पाय कधी दाबले नाय."

पण शनिवारी संध्याकाळी व्हॅक्सचा शेवटचा हात फिरवला आणि मी स्वतःच थक्क झालो. त्या बॉनेटमध्ये माझं तोंड दिसत होतं! टकलासकट!

रविवारी सकाळी प्रकाशराव नि शैलाताई रिक्षाने आले. प्रसाद दिला, गंगाजल दिलं, आणि प्रकाशराव हात मागे बांधून गाडीभोवती फिरायला लागले. एक फेरी. दुसरी फेरी. बॉनेटपाशी ते थांबले, वाकले. मीनलने माझा दंड धरला. मग ते सरळ झाले आणि गंभीर आवाजात म्हणाले,

"नंदकुमार, बाकीच्या गाडीला काय केलंत?"

"बाकीच्या?"

"बॉनेट आहे तसं आहे. एकदम शोरूम! पण ही दारं बघा, ही डिकी बघा. केवढी फिकट पडलीयेत! उन्हात लावली होती का? कव्हर काढलं होतं का?"

मीनल सावरायला पुढे झाली. "अहो दाजी, हे तुम्हाला सरप्राइज म्हणून पॉलिश करत होते. बॉनेट झालं, बाकीचं राहिलं."

प्रकाशरावांचे डोळे भरून आले. "माझ्यासाठी? स्वतःच्या हाताने?" त्यांनी मला मिठी मारली. मग मला सोडून खुर्ची मागवली, ती सावलीत ठेवली आणि बसून म्हणाले, "हं. करा मग. मी बघतो."

म्हणून मी उरलेली अख्खी गाडी त्यांच्या देखरेखीखाली घासत असताना आईने चहा आणि तळलेल्या कुरडयांचं ताट बाहेर आणलं. प्रकाशरावांनी एक तोडली.

"वा! काय हलकी झालीय! आई, कुठे वाळवल्या हो?"

माझा हात थांबला. मीनल तुळशीकडे बघायला लागली. आई मात्र शांतपणे म्हणाली, "हितंच. दारात." आणि माझ्याकडे न बघता आत गेली. म्हणजे हिला पहिल्या दिवसापासून सगळं ठाऊक होतं! ताटातली एक कुरडई मला जराशी जांभळी दिसली. ती मी घाईघाईने उचलून खाल्ली.

त्यानंतर प्रकाशरावांनी माझी कीर्ती सगळ्या नातेवाइकांत पोचवली. परवा येवल्याला त्यांच्या एका पुतणीच्या साखरपुड्याला गेलो, तर मांडवाच्या दारातच त्यांनी माझी ओळख करून दिली, "हे आमचे साडू. विमा कंपनीत आहेत, पण तसं काम चांगलं करतात!" जेवणं होईपर्यंत माझ्या हातात दोन गाड्यांच्या आणि एका ट्रॅक्टरच्या किल्ल्या आल्या होत्या.

निघताना यजमानांनी मानाने मला कुंकू लावलं, डोक्यावर टोपी ठेवली, हातात टॉवेल दिला. चार माणसांसमोर नमस्कार करायचा असतो, हे माहीत असूनही मी आधी त्या टॉवेलचं टोक बोटांत धरून नीट चोळून पाहिलं आणि मीनलला म्हणालो,

"मऊ आहे. शेवटच्या हाताला चालेल."