रीतआजींचा नियम

शेजाऱ्याचा वाढदिवस असला की रीतआजी अभिनंदन माझं करायच्या. शेजाऱ्याच्या बायकोचं, मुलांचं, वाटेत भेटलेल्या पोस्टमनचंही. "आनंद एकट्याने खाल्ला की घशात अडकतो," असं त्यांचं म्हणणं.

नेदरलँड्समधल्या बेस्ट गावातली आमची गल्ली महायुद्धानंतर एका दमात बांधलेली. बारा घरं, एकाच विटेची, एकाच जिन्याची. भिंती इतक्या पातळ की आमच्या कुकरच्या शिट्ट्या पलीकडे रीतआजी मोजायच्या. घरं नवी होती तेव्हा त्या सात वर्षांच्या होत्या. आम्ही पुण्याहून आलो तेव्हा मीही सातचीच.

त्यांच्या संडासात, डच रिवाजाप्रमाणे, वाढदिवसांचं कॅलेंडर टांगलेलं होतं. अख्खी गल्ली त्यात होती, फक्त आम्ही नव्हतो. आपलं नाव लागलंय का बघायला मी दिवसातून तीनदा तिथे जायचे. आईने काळजीने ओवा चारला. शेवटी रीतआजींनीच दाराबाहेरून विचारलं, "पोट बिघडलंय की मन?"

नियम कडक होता. "ज्याच्या वाढदिवसाचा केक खाल्ला, त्याचंच नाव." आणि माझा वाढदिवस जुलैत, उन्हाळी सुट्टीत, दरवर्षी पुण्यात!

मग आजी-आजोबा आले. दोघांच्याही पासपोर्टवर एक जून, शाळेत नाव घालताना मास्तरांनी ठोकून दिलेली तारीख. आईने केक आणला, खुर्च्या गोल मांडल्या. नवराबायको एकाच दिवशी जन्मले म्हणून रीतआजी थक्क. आजोबा म्हणाले, "अहो, आमचं अर्धं गाव त्याच दिवशी जन्मलं!" बाबांनी ते डचमध्ये सांगितलं आणि रीतआजी खुर्चीतून पडायच्याच राहिल्या. मला राहवेना. "मीपण एक जूनची!" मीही ठोकून दिलं. आईने डोळे वटारले, पण तोवर केक रीतआजींच्या तोंडात गेला होता.

नाव लागलं. पुढे दर एक जूनला त्या फुगे घेऊन हजर, आणि मी आईकडे न बघता ते टांगायचे.

गेल्या मेमध्ये, वृद्धाश्रमातल्या त्यांच्या खोलीत, मी एकदाचं कबूल केलं. "आजी, मी जुलैची."

त्या इतक्या हसल्या की नर्स धावत आली. "तुझ्या आईने त्याच संध्याकाळी सांगितलं होतं मला. काढ ते कॅलेंडर, लिही तुझ्या हाताने."

"पण केक?"

"नियम माझा आहे. आधी नाव, मग केक. आणि एक जून खोडू नकोस, मला दोनदा खायचाय."

जूनअखेर त्या गेल्या. मी फार रडले. त्यांची खोली आवरायला गेले तेव्हा नर्सने कपाटातून निळा, कोरा ड्रेस काढून दाखवला. म्हणाली, "महिनाभर सगळ्यांना सांगत होत्या, जुलैत मला बोलावणं आहे."