अटींसह योग्य

आमच्या वरच्या मजल्यावरचे गृहस्थ नोकरीभर लिफ्ट तपासत आले आणि स्वतः मात्र जिन्याने ये-जा करतात. कोणी विचारलं तर म्हणतात, "पाय मोकळे होतात." खरं कारण त्यांच्या पत्नीला ठाऊक आहे. या इमारतीची लिफ्ट त्यांनीच पास केलेली आहे.

निवृत्त होऊन बराच काळ लोटला तरी सगळे त्यांना निरीक्षकच म्हणतात. तपासणीच्या अहवालाखाली तीनपैकी एक शेरा द्यायचा असे: योग्य, अयोग्य किंवा अटींसह योग्य. 'योग्य' लिहून काही विपरीत घडलं तर आपण गोत्यात. 'अयोग्य' लिहावं तर इमारतीचा मालक दारात उभा. निरीक्षकांचा जीव तिसऱ्या शेऱ्यावर जडला तो असा. पुढे तो घरातही शिरला. लेकीने लग्न ठरवलेला मुलगा पहिल्यांदा घरी आणला, तेव्हा निरीक्षकांनी त्याला नीट न्याहाळलं आणि स्वयंपाकघरात जाऊन बायकोच्या कानात सांगितलं, "अटींसह योग्य." जावयाला ही गोष्ट नंतर कळली. अटी कोणत्या, हे तो अजूनही विचारतो.

अशा माणसाच्या घरच्या संगणकावर एके दिवशी एक चौकोन उगवला. ऑपरेटिंग सिस्टिमची नवी आवृत्ती तयार आहे, आता घ्यायची की नंतर? निरीक्षकांना हे यंत्र प्रथमच समजूतदार वाटलं. त्यांनी 'नंतर' दाबलं. दुसऱ्या दिवशी चौकोन पुन्हा आला, त्यांनी पुन्हा दाबलं. सकाळचा चहा, दाढी आणि 'नंतर' असा क्रमच पडला.

लेकीचा फोन आला. "बाबा, जुन्या सिस्टिमकडे आता कंपनी बघणार नाहीये. उद्या बँकेचं पान उघडलं नाही तर मला फोन करू नका."

"चालतंय ना सध्या?"

"लिफ्टवाले सगळे हेच म्हणायचे आणि तुम्ही घरी येऊन त्यांच्या नावाने खडे फोडायचात."

यावर निरीक्षकांनी फोन बायकोकडे दिला.

खरी अडचण तिचीच होती. बाई एका साप्ताहिकासाठी शब्दकोडं रचतात. आठवडा आला की कोडं गेलंच पाहिजे, आणि आजवर ते एकदाही चुकलेलं नाही. लेक जन्मली त्या आठवड्यातलं कोडं दवाखान्यातून गेलं होतं. आडव्या शब्दांत 'जागरण' दोनदा आला, एवढाच काय तो फरक. कोड्याचे चौकोन आखणारा एक जुना प्रोग्राम त्यांच्या संगणकावर होता. तो लिहून देणारा गृहस्थ कधीच परदेशी निघून गेला होता आणि नव्या सिस्टिमवर तो चालेल की नाही हे सांगणारं कोणी उरलं नव्हतं.

"अहो, तुमची बँक उघडली नाही तर रांगेत उभं राहता येतं," बाई म्हणाल्या. "माझा प्रोग्राम उघडला नाही तर मी कुठल्या रांगेत उभी राहू?"

निरीक्षकांनी खालच्या मजल्यावरच्या दंतवैद्याचा सल्ला घेतला. तो म्हणाला, "दुखत नाही ना? मग कशाला हात लावता?" दंतवैद्याने असं म्हणावं, याचा निरीक्षकांना संशय आला. त्यांनी प्रकरण आपल्या पद्धतीने हाताळायचं ठरवलं.

लिफ्टची एक चाचणी असते. तिच्यावर लिहिलेलं असतं त्याहून जास्त वजन, वाळूच्या गोण्या भरून, मुद्दाम चढवायचं आणि ती कुरकुरते का ते ऐकायचं. जी हे सोसते तिच्यावर पुढचा खर्च करण्यात अर्थ. हाच न्याय संगणकाला लावायला हरकत काय? संगणक भार पेलतो असं दिसलं तर नवी सिस्टिम घ्यायची, नाहीतर जुन्यावर भागवायचं.

दुपारी बाई बाल्कनीत कपडे काढायला गेल्या. दुसऱ्या दिवशी द्यायचं कोडं पडद्यावर अर्धं रचलेलं होतं. निरीक्षक खुर्चीवर बसले आणि त्यांनी गोण्या भरायला सुरुवात केली. लेकीच्या लग्नाची चित्रफीत लावली. तिच्यावर दुसरी लावली. बँक, हवामान, बुद्धिबळ, सगळे फोटो एकदम. मग त्यांनी संगणकाला कान लावला. आतला पंखा घरघरू लागला. "मोटर ठीक आहे," ते पुटपुटले आणि आणखी एक चित्रफीत चढवली.

पडदा गोठला. नवऱ्या मुलाचा हात हवेत राहिला.

अडकलेल्या लिफ्टचा वीजपुरवठा बंद करून पुन्हा चालू करायचा, हे निरीक्षकांच्या हातात बसलेलं होतं. त्यांनी बटण दाबून धरलं, सोडलं, पुन्हा दाबलं. संगणक उठला, पण त्याने चौकोन दाखवला नाही की काही विचारलं नाही. रोज 'नंतर' ऐकून त्याची समजूत झाली असावी की ते 'नंतर' हेच. निळ्या पडद्यावर अक्षरं उमटली: नवी आवृत्ती बसवत आहोत, संगणक बंद करू नका.

बाई कपड्यांचा ढीग घेऊन दारात उभ्या होत्या.

"काय केलंत?"

"भारचाचणी."

"माझं कोडं कुठंय?"

"आत आहे," निरीक्षक म्हणाले, आणि अडकलेल्या लोकांना दाराबाहेरून सांगायचे त्याच आवाजात पुढे म्हणाले, "घाबरायचं नाही. दार ओढायचं नाही. श्वास घ्यायला हवा भरपूर असते."

बाईंनी कपडे त्यांच्या मांडीवर टाकले. टेबलाच्या खणातून पट्टी आणि पेन्सिल काढली, कागदावर चौकोन आखले आणि खुर्ची ओढली. "तुम्ही घड्या घाला. आणि विचारीन तेव्हा शब्द सांगा. पाच अक्षरी, मधे 'व'."

"सुरक्षाव्यवस्था."

"मोजा की!"

टक्के वाढत होते, मधेच थांबत होते. निरीक्षक घड्या घालत होते, शब्द सुचवत होते आणि ते सगळे लिफ्टचे निघत होते. शेवटी बाईंनी वैतागून 'कप्पी' घेतला. कोडं पूर्ण झालं तेव्हा संगणक अजून साठीतच रेंगाळत होता. बाईंनी मोबाइलवर कागदाचा फोटो काढून साप्ताहिकाकडे धाडला. संपादकांचं उत्तर आलं: मिळालं, अक्षर सुंदर आहे.

संध्याकाळी पडदा उजळला. सगळी चिन्हं जागेवर होती. बाईंनी श्वास रोखून आपल्या प्रोग्रामवर टिचकी मारली. सिस्टिमने विचारलं, याचा कर्ता अनोळखी आहे, तुमचा याच्यावर विश्वास आहे का?

बाईंनी शेजारी घड्या घेऊन उभ्या असलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. "यांच्यावर ठेवला, तर तुझ्यावर ठेवायला काय झालं," त्या म्हणाल्या आणि 'हो' दाबलं. प्रोग्राम उघडला. अर्धं कोडं तेवढं गेलं होतं.

"काय शेरा?" रात्री लेकीने फोनवर विचारलं.

"अटींसह योग्य," निरीक्षक म्हणाले.

"अटी मी सांगते," मागून बाईंचा आवाज आला.

रविवारी साप्ताहिक आलं. निरीक्षक नेहमीप्रमाणे पेन्सिल घेऊन कोड्याला बसले. एक सूचना होती: 'घरात राहतो, पण यंत्राजवळ एकटा सोडू नये. तीन अक्षरं.' लिफ्टच्या मोटरखोल्यांत ज्याने तारा कुरतडून त्यांना नोकरीभर छळलं, त्या प्राण्याला निरीक्षक कसे विसरणार? त्यांनी ठामपणे 'उंदीर' लिहिलं. मग उभा शब्द जुळेना. त्यांनी खोडलं, पुन्हा लिहिलं, चष्मा पुसला, आणि शेवटी स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाले, "अगं, नव्या सिस्टिममुळे चूक झालेली दिसतेय."

"ते हाताने रचलंय," आतून उत्तर आलं. "आणि उत्तर उंदीर नाहीये."