बाबांचा म्हणून सांगितलेला रंधा

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. देवाजवळसुद्धा नाही — त्याच्यापुढे तर दर दसऱ्याला हात जोडून तेच खोटं पुन्हा करते. तुला लिहून सांगते.

माझे मालक सुतार. सुकापूरच्या नव्या बिल्डिंगींत दारं, कपाटं करतात. लग्न झाल्यापासून मला त्यांचा रंधा आवडायचा. फळीवरून सरकताना कसा बारीक आवाज करतो ना? मग त्यांनी मशीन घेतलं, आणि तो आवाजच घरातून गेला. पण बाईने रंधा मागायचा कसा?

पनवेलला एका भंगारवाल्याकडे जुना सागवानी रंधा दिसला. पातं गंजलेलं, खालच्या तोंडाची कड फुटलेली. असा रंधा फळी ओरबाडतो. म्हणूनच पडून होता. मी घेतला, आणि तान्हं मूल आणावं तसा पदराखालून घरी आणला.

हे कामावर गेले की मी बसायचे. फुटक्या जागी खाच केली, चिंचेच्या लाकडाची चकती घासून घासून त्यात बसवली. पात्याला धार लावली. मग फळीवर ढकलला — कांद्याच्या सालीसारखी सुरळी निघाली. एकटीच हसले. आणखी एक काढली. त्या दिवशी भात करपला.

एकदा हे लवकर आले. "कुठनं आणलास गो?"

मागे मी भंगारातली खुर्ची आणली होती, तेव्हा कारागिरांसमोर म्हणाले होते, "आमची बायको भंगारवाली हाय." ते आठवलं, आणि बोलून गेले — बाबांचा आहे, माहेरच्या पेटीत होता.

माझे बाबा मिठागरात राबले आणि माझ्या लग्नाआधीच गेले. रंधा त्यांनी कधी हातात धरला नाही. मी म्हटलं, खाडीचं पाणी अडवतात त्या उघाडीच्या फळ्या ते करायचे.

यांनी रंधा उलटा केला. "ही चकती बघ. काय हात हाय सासऱ्याचा. अशी आता कोन बसवतो?"

काय सांगू, मला आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. चकती माझी होती — आणि म्हणता येत नव्हतं.

मग त्यांनी बाजूवर अंगठा फिरवला. "आनि हे बघ. धरून धरून कशी गुळगुळीत झालीय."

तिथे माझं हसू थांबलं.

तेव्हापासून दसऱ्याला हत्यारांची पूजा मांडली की पहिलं फूल त्या रंध्याला. मशीन मागे. "आधी सासऱ्याला," असं हे म्हणतात, आणि मी शेजारी बसून हळद-कुंकू देते.

खोटं बोलले ते आहेच. पण लिहायला बसले ते त्यासाठी नाही.

ती बाजू कुणाच्या हाताने झिजली नव्हती. सुतार हत्यारावर आपलं नाव कोरतो. तिथेही कोरलेलं होतं. चौथी शिकलेली मी — अक्षराला अक्षर लावून वाचलं. आणि काचपेपर घेऊन घासून काढलं. बाबांचं खोटं तर नंतर सुचलं. घासलं तेव्हा कुणी काही विचारलंही नव्हतं. मग का? रंधा माझा, नुसता माझाच दिसावा म्हणून.

दगडू, आपटा. असं नाव-गाव होतं ते. आपटा इथून लांब नाही. मी कधी विचारायला गेले नाही.

काल त्याच रंध्याने पोळपाट साफ केला. सुरळी पायाशी पडली, आणि मला पहिल्यासारखाच आनंद झाला.