किंटायरच्या दरीतलं ठिपक्यांचं हरीण

ऑक्टोबरात स्कॉटलंडला कोणी जातं का? लंडनला हॅरोतली आमची मित्रमंडळी दरवर्षी हेच विचारायची. पण माजावर आलेल्या नर हरणांची डरकाळी ऐकायची तर तोच महिना. सासरे फॉरेस्ट खात्यात होते, त्यामुळे ह्यांचं बालपण मेळघाटात गेलं. सगळी नोकरी इथल्या हॉस्पिटलात भूल देण्यात गेली, तरी जीव जंगलात अडकलेला. नव्वदीच्या दशकातली ही आमची शेवटची किंटायर ट्रिप. कोणी जाणार असाल तर रस्ता सांगते, आणि तिथे काय झालं तेही.

एम सिक्स मोटरवेने ग्लासगोपर्यंत कंटाळा येतो, म्हणून खाणं भरपूर घ्या. आम्ही दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि वेम्बलीहून आणलेला चिवडा घेतला होता. गाडी आमची लेक अंजली चालवत होती. "बाबा, ती फोटो नीट ठेवला ना? हार्ड ब्रेक मारला तर ग्लास फुटेल."

"तो फोटो," मी म्हटलं.

"व्हॉटेव्हर, आई!"

फोटो मागच्या सीटवर ब्लँकेटमध्ये गुंडाळलेला होता. त्या वर्षी जूनमध्येही एकदा गेलो होतो, तेव्हा तिथेच ह्यांनी तो काढला होता: लाल हरणांच्या कळपात एक ठिपकेवाली मादी, जवळ पाडस. तेव्हा हे लहान मुलासारखे ओरडले होते, "अगं, चितळ! स्कॉटलंडात चितळ!" चितळ नव्हे हे त्यांनाही कळत होतं, पण आनंद काही मावेना. एक प्रत आमच्या हॉलमध्ये लागली. दुसरी फ्रेम करून इयनला भेट द्यायची होती. इयन तिथल्या इस्टेटीवर हरणं राखायचा. आमची बरीच वर्षांची दोस्ती.

लॉख लोमंडचं तळं सोडल्यावर घाट लागतो. तो धुक्यात चढू नका. इन्व्हरेरीला सूप चांगलं मिळतं. पुढे टार्बर्ट, आणि तिथून समुद्राकाठचा एकेरी रस्ता. समोरून गाडी आली की कोणीतरी मागे जायचं. बी अँड बी स्वस्त होतं, फक्त गरम पाणी आधी आंघोळीला जाईल त्याला.

संध्याकाळी इयनकडे गेलो. त्याने भेटीचा कागद फाडला, चष्मा लावला आणि फोटो दिव्याखाली धरला. हे कौतुकाची वाट बघत उभे.

"डॉक्टर, हा कुठे काढलात?"

"तुमच्याच दरीत. ओढ्याच्या वरच्या अंगाला."

मग त्याने सांगितलं. ती मादी सिका जातीची, आणि ही जात मूळची जपानची. शंभरएक वर्षांपूर्वी कोणा हौशी श्रीमंताने शोभेला आणलेली. माणसांनी लावलेल्या जंगलांतून ती पसरली, लाल हरणांशी तिचा संकर होत गेला. मिश्र पिल्लांनाही पिल्लं होतात, आणि दोन-चार पिढ्यांनी बाहेरून काहीच ओळखू येत नाही. डोंगर ओलांडून येणारं प्रत्येक सिका इयनच्या वडिलांनी आणि मग त्याने टिपलं होतं. आपली दरी तरी शुद्ध राहिली, एवढ्यावर तो माणूस जगत होता.

"हे पाडस बघा. सिकाच्या मानाने फार मोठं आहे," तो म्हणाला. "बाप माझ्या कळपातला."

"मग आता?"

"आता ह्या हिवाळ्यात तो कळप मारून काढायचा. कोणात काय मिसळलंय, मला कळणार कसं?"

"अहो, एका फोटोवरून?" हे म्हणाले. इयनने फ्रेम मात्र जपून उभी करून ठेवली.

सकाळी त्याच्याबरोबर वर गेलो. ओल्या गवतात आडवे पडून राहिलो. समोरच्या उतारावर नर आला. लालभडक, सांबराएवढा दांडगा. इयन ह्यांच्या कानाशी म्हणाला, "हा माझा. ह्याच्यात काही मिसळलेलं नाही." नराने मान ताणली. डरकाळी खोल सुरू झाली, आणि मध्येच चिरकून तिची शीळ झाली. लांबलचक, बारीक शीळ. लाल हरीण शीळ घालत नाही. शीळ सिकाची.

इयनने दुर्बीण खाली ठेवली. "म्हणजे त्या पाडसाचा बापही माझा नव्हता," तो म्हणाला. मग बंदूक जवळ ओढत म्हणाला, "तुम्ही खाली जा. ब्रेकफास्ट तयार असेल."

आम्ही अर्ध्या वाटेवर असताना बार ऐकू आला. हे थांबले, वळून मात्र बघितलं नाही. अंजलीने त्यांचा हात धरला. मला इयनचा राग आला, ह्यांचाही आला, आणि त्या मेलेल्या हौशी श्रीमंताचा सगळ्यात जास्त. फोटो दाखवला म्हणून ती हरणं जाणार होती. दाखवला नसता तर ती जगली असती, आणि लाल हरणांची जात हळूहळू संपत गेली असती, कोणाला न कळता. परतीच्या वाटेवर मी दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला. सुटका कुठेच दिसली नाही. चिवडा तसाच घरी परत आला.

तर जायचं असेल तर जरूर जा. डोंगर आहेत, समुद्र आहे. डरकाळी ऐकायला मिळेल का, ते मी सांगू शकत नाही.

हॉलमधला फोटो मी काढायला गेले तर ह्यांनी काढू दिला नाही. दिवाळीला माणसं आली. कोणीतरी विचारलं, "वा डॉक्टर, चितळ! कुठलं हो हे?" एरवी ह्या प्रश्नावर ह्यांची अर्धा तास गोष्ट चालायची.

"मेळघाटातलं," हे म्हणाले, आणि फराळाची ताटं आणायला आत गेले.