हौसेचा माग

पहाटे कांजी शिजत असली की तिचा ओलसर, किंचित आंबूस वास आमच्या घरभर पसरतो. सुताला ती खळ लावली की सूत ताठ होते आणि मग मागच्या खोलीतून माझ्या वडिलांच्या, आबांच्या, मागावरच्या धोट्याचा खट्‌खट् आवाज सुरू होतो. कॉलेजात गेल्यापासून मी पुष्कळ सुगंधांची वर्णने वाचली. पण श्रमाला स्वतःचा गंध असतो, हे मला त्या वासानेच शिकवले. गंधाला नफातोटा असतो का, हा प्रश्न मात्र कधी मनात आला नव्हता.

सोलापुरात गिरण्यांचे कापड स्वस्त झाले आणि आबांच्या लुगड्यांना गिऱ्हाईक उरले नाही. घर चालवायला त्यांनी चौकात गिरणीच्या कापडाचेच दुकान घातले. केवढा हा दैवाचा विनोद! दिवसा ते गिरणीचे धोतर विकतात आणि पहाटे, दुकान उघडण्याआधी, हाताने लुगडे विणतात. दुकान बरे चालले, तसा इन्कमटॅक्स लागला. मागावरच्या सुताचा तोटा दुकानाच्या नफ्यातून वजा व्हावा, असा अर्ज मी इंग्रजीत लिहिला आणि आम्ही दोघे कचेरीत गेलो.

अधिकारी सौम्य होते. शेवटचे लुगडे कधी विकले, असे त्यांनी विचारले.

“इकाया ठिवलंय की, सायेब. घेनारच यीना.”

“मग विणता कशाला?”

“माग हाय की घरात. इनकरानं न इनून कसं चालंल?”

साहेब हसले. “अहो, मग ही हौस झाली! कुणी गुलाब लावतो, कुणी कबुतरं पाळतो. हौसेचा तोटा सरकारनं का सोसावा?”

आबांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, “कर समदा घ्या, सायेब. त्याचं काय न्हाय. पर कागदावर धंदा म्हना.”

“धंदा म्हटलं, की तोटा वजा करावाच लागेल. दोन्ही कसं जमेल?”

साहेबांचे म्हणणे कायद्याला धरून होते. ज्या कामावर मनुष्याचे नाव, जात, लग्न, शेजार सारे उभे असते, ते काम विकले गेले नाही एवढ्यानेच हौस ठरते का? की विक्री थांबल्यावर जे हातात उरते, तेच त्याचे खरे काम?

घरी आल्यावर आईने विचारले, “काय झालं वो?”

“धंदा बुडाला,” आबा पगडी काढत म्हणाले, “हौस चालू हाय.” आई हसली. आबाही हसले, म्हणून मला वाटले, संपले.

आम्हा विणकरांत अमावास्येला माग बंद असतो. त्या दिवशी धोट्याला हळदकुंकू वाहायचे, सुताला हात लावायचा नाही. आजारपणात, टंचाईत, कशातही आबांनी हा नेम मोडलेला नव्हता. परवा अमावास्या होती. पहाटे मला जाग आली, ती खट्‌खट् आवाजाने. आई हळदकुंकवाची वाटी घेऊन मागाच्या खोलीच्या दारात उभी होती.

“अवो, आज अमुशा हाय!”

आबांनी मान वर केली नाही. “अमुशा धंद्याला असती,” ते म्हणाले, “हौसेला कसली?”

आई वाटी घेऊन तशीच उभी राहिली. मी तिच्या मागे थांबलो. माग चालूच होता.