वही सोडली नाही म्हणून

माझ्या मुलीची उजवी तर्जनी आजही पुरती मिटत नाही. दोष माझा आहे.

कडोदरा या गुजराती गावातल्या यंत्रमागांवर धागा तुटताच माग थांबवणारे एक कार्ड असते. ते बिघडले की माग बंद, आणि दुरुस्त करणारा व्यापारी एकच. आतली रचना कोणाला कळू नये म्हणून तो चिपांवरचे आकडे घासून वर काळी राळ ओतत असे. मुलीने वर्षभर खपून स्वतःचे कार्ड रचले आणि ते कोणीही बनवावे, विकावे, सुधारावे, असे लिहून त्याच्या जोडणीचा नकाशा इंटरनेटवर ठेवला. हे विद्यादान आहे, एवढेच मला उमगले. मूळ नकाशा असलेली तिची कामाची वही मी देव्हाऱ्यात पोथ्यांशेजारी ठेवू लागलो.

एका सकाळी मी पूजेला बसलो असता व्यापाऱ्याची तीन माणसे घरात शिरली. एकाने टेबलावरची कार्डे सळईने फोडली. दुसऱ्याने मुलीचे केस धरून तिचे कपाळ भिंतीवर आपटले. तिसऱ्याने मूळ नकाशा मागितला. मी वही उपरण्यात गुंडाळून छातीशी धरली. त्याने माझ्या बरगडीत लाथ घातली. समई कलंडली, तेल फरशीवर पसरले.

"काका, तमे पूजा करो ने. नकशो अमने आपी दो," तो हसत म्हणाला.

मी मान हलवली. तेव्हा त्यांनी मुलीचा हात टेबलावर दाबून धरला.

"बाबा, देऊन टाका. तो कधीच सगळ्यांकडे गेलाय."

मी ऐकले, तरी माझी मिठी सुटली नाही. सळई खाली आली. वाळकी समिधा मोडावी तसा आवाज झाला आणि मुलगी ओरडलीसुद्धा नाही, नुसती खाली बसली. सळई पुन्हा वर गेली तेव्हा मी वही फेकली. त्यांनी ती अंगणात जाळली.

लहानपणी आमच्या पाठशाळेच्या पोथ्या पुरात वाहून गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी नेहमीच्या वेळी पाठ सुरू केला. संहिता आम्हा दहा जणांच्या कंठात होती. हे मला ठाऊक होते, आणि तरी मी वही धरून बसलो.

तिचे प्लास्टर निघण्यापूर्वी एक खानदेशी कारागीर स्वतः बनवलेले कार्ड दाखवायला आला. त्यातले दोन जोड तिच्या नकाशाहून वेगळे, अधिक नेटके होते. हा बदल कोणी केला, असे तिने विचारले.

"माले माहीत नही, ताई. नेटवर आसंच भेटनं."

डाव्या हातात कार्ड धरून तिने ते दोन जोड उजेडात पाहिले. मग हसली. त्या दिवशी मी तिची क्षमा मागितली. देव्हाऱ्यातली वहीची जागा मी अजून रिकामी ठेवली आहे.